झिजलेल्या ड्रिलचे चरित्र

हैदराबादेत आबिद चौकाजवळ गनफौंड्री नावाचा भाग आहे. जुने लोक त्याला 'तोप का सांचा' असेही म्हणतात. निजामाच्या पदरी असलेल्या रेमों नावाच्या फ्रेंच सरदाराने १७९५ च्या सुमारास येथे तोफा ओतण्याचा कारखाना घातला. त्याच वर्षी मार्च महिन्यात खर्ड्याच्या लढाईत रेमोंच्या पलटणी निजामाच्या बाजूने मराठ्यांसमोर उभ्या होत्या. तेव्हा महाराष्ट्रीयांना हे नाव अगदीच परके वाटावयास नको. पुढे तीनच वर्षांनी, १७९८ मध्ये, रेमों वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांशी झालेल्या तहान्वये त्याच्या पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. आज तेथे फ्रेंचही नाहीत आणि तोफाही ओतल्या जात नाहीत. मोहल्ल्याचे नाव तेवढे उरले आहे.

योगायोग असा, की त्याच १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे तोफांविषयीचा एक निबंध वाचला गेला. त्याचा लेखक काउंट रम्फर्ड हा म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांची भोके कोरण्याच्या कामावर देखरेख करीत असे. कोरताना तोफ इतकी का तापते, असा प्रश्न त्याला पडला. त्याने मुद्दाम धार गेलेले हत्यार घेतले, तोफेच्या धातूभोवती पाण्याची पेटी बसविली आणि घोड्यांच्या बळावर यंत्र फिरत ठेवले. सुमारे अडीच तासांनी विस्तवावाचून ते पाणी उकळू लागले. उष्णता हा एक प्रकारचा द्रव आहे, या तत्कालीन समजुतीला त्या उकळत्या पाण्याने मोठा धक्का दिला. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत हा प्रयोग सन्मानाने दिलेला असतो. परंतु त्यातील कारागिराचा भाग सहसा कोणी सांगत नाही. तो भाग असा, की बोथट हत्यार धातू कापीत नाही, नुसते तापविते; आणि यंत्राचे भाग ढिले झाले म्हणजे चांगल्या हत्याराची धारसुद्धा लवकर जाते.

तोफेपासून आरंभ करण्याचे कारण एवढेच, की आज ज्या यंत्राविषयी बोलावयाचे आहे तेही भोके पाडण्याचेच यंत्र आहे, मात्र फार लहान. बाकावर बसविता येईल असे, दोन-अडीच फूट उंचीचे ड्रिलिंग मशीन आपण लोहाराच्या, वेल्डिंगवाल्याच्या, किंवा शाळेच्या कार्यशाळेत पाहिले असेल. ओतीव लोखंडाची बैठक, एक उभा खांब, खांबावर डोके, मागे मोटर, बाजूस फिरविण्याचा दांडा. ज्यांनी नवा व्यवसाय मांडला त्यांच्याकडे हे यंत्र बहुधा दुसऱ्याच्या हातचे आलेले असते. अशा जुन्या ड्रिलचे झिजलेले भाग कसे दुरुस्त होतात, हा विषय इतिहासाच्या सदरात कसा बसतो, असे कोणास वाटेल. माझ्या समजुतीप्रमाणे यंत्राचा खरा इतिहास त्याच्या शोधाच्या सनावळीत अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा त्याच्या झिजेत असतो.

भोक पाडण्याची कला नांगराच्या फाळाहूनही जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीचे मानवी दात सापडले. त्यांपैकी नऊ जणांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने कोरलेली भोके असल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी कठीण अकीकाच्या लांब मण्यांना आरपार भोके पाडली. आपल्याकडील सुतार दोरी लावलेल्या गजाने जो सामता फिरवितो, तो त्याच कुळातला. संत योसेफाच्या नाझरेथमधील कामाच्या जागीही धनुकलीने फिरणारे असेच एखादे हत्यार असणार, असे मला नेहमी वाटते. चित्रकारांनी त्याच्या हाती करवत आणि रंधा पुष्कळदा दिला; भोक पाडण्याच्या हत्याराकडे त्यांनी थोडे दुर्लक्षच केले.

सामत्याला झीज होते, पण त्याची कोणी फिकीर करीत नाही. कारण तेथे हातच यंत्राची चूक सावरून घेतो. बाकावरच्या ड्रिलमध्ये हाताचा हा अधिकार काढून घेतला गेला, आणि हाताच्या जागी जी जी योजना आली तिला स्वतःची जन्मतारीख आहे. पीळदार पात्याचे ड्रिल अमेरिकेत स्टीफन मोर्स याने १८६३ मध्ये पेटंट केले. त्याच्याच नावाचा निमुळता शंकू, मोर्स टेपर, आजही स्पिंडलमध्ये असतो. किल्लीने आवळावयाचा तीन जबड्यांचा चक आर्थर जेकब्स याचा, १९०२ मधला. व्ही आकाराचा रबरी पट्टा जॉन गेट्स याने १९१७ मध्ये काढला. त्यापूर्वी चपटे चामडी पट्टे असत, आणि बॉल बेअरिंग सर्वत्र होण्यापूर्वी स्पिंडल आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये शोधलेल्या मऊ पांढऱ्या धातूच्या अस्तरात फिरत असे. एका साध्या ड्रिलमध्ये अशी पाऊणशे वर्षे एकावर एक बसविलेली असतात.

ही यंत्रे हैदराबादेत आली ती काही एका दिवसात नव्हे. लालागुडा येथील रेल्वेचा कारखाना १८९३ पासूनचा. निजामाच्या राजवटीत आझमाबादेत औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९४२ मध्ये ऑल्विन निघाली. मात्र यंत्रे बनविणारी यंत्रे बहुतेक सर्व परदेशांतून येत. दुसऱ्या महायुद्धात ती वाट बंद झाली. याच टंचाईच्या काळात, १९४३ मध्ये, सिकंदराबादेस कवाडीगुडा येथे प्रागा टूल्सचा कारखाना स्थापन झाला. या नावातच झेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीची आठवण आहे. यंत्रहत्यारे आणि त्यांची उपांगे, विशेषतः चक, यांसाठी प्रागाचे नाव देशभर झाले. आपल्याकडे त्याच सुमारास, १९४१ मध्ये, किर्लोस्करांनी हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना काढला होता. ही दोन्ही एकाच गरजेची अपत्ये म्हणता येतील.

युद्ध संपल्यावर लष्कराची जादा यंत्रसामग्री सरकारने विकावयास काढली. जुन्या यंत्रांच्या बाजाराला तेथून जोर आला. १९६० नंतर हैदराबादेत एचएमटीचा कारखाना आला, १९६८ मध्ये बालानगरला हत्यारांच्या आरेखनाची केंद्रीय संस्था निघाली, आणि या सर्वांच्या आजूबाजूस शेकडो लहान कर्मशाळा वाढल्या. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा आणि नंतर राज्याचा भाग होता. त्यामुळे नांदेड-परभणीकडील कुटुंबांतले तरुण फिटर-टर्नर होण्यासाठी मुंबईऐवजी इकडे येत. त्यांची मुले-नातवंडे आजही येथे आहेत आणि दख्खनी उर्दूत मोजमापे सांगतात.

सिकंदराबादेतील राणीगंजात बेअरिंगे, पट्टे, मोटारी, पंप यांची दुकाने दाटीवाटीने आहेत. जुन्या शहराकडील जुमेरात बाजारात गुरुवारी काय मिळेल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी जुने ड्रिल पाहणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. ते विकत घेऊन दुरुस्त करावयाचे, की विक्रेता म्हणतो त्या किलोच्या भावाने भंगारात जाऊ द्यावयाचे? हा प्रश्न लहान नाही. ज्याच्यापाशी नव्या यंत्राचे पैसे नाहीत त्याचा धंदा उभा राहतो की नाही, हे पुष्कळदा या एका निर्णयावर ठरते. आमच्या शाळेच्या कार्यशाळेसाठी असेच एक यंत्र पाहावयास गेलो असता सोबत आलेल्या वृद्ध टर्नर मिस्त्रींनी किमतीचा शब्दही काढू दिला नाही. "पहले धो के देखो साब, पैसे की बात बाद में," एवढेच ते म्हणाले. तेल, माती आणि वर चढविलेला नवा रंग यांच्याखाली झीज लपलेली असते, आणि रंग जितका ताजा तितका संशय अधिक घ्यावा.

मिस्त्रींची तपासण्याची रीत सांगण्यासारखी आहे. ते प्रथम पट्टा काढतात व मोटर एकटीच फिरवून ऐकतात. मग चक उतरवून उघड्या स्पिंडलला डायल लावतात आणि हाताने एक फेरा देतात. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटर हलला तर यंत्र उत्तम. मनुष्याचा केस सहासात शतांश जाड असतो, यावरून कल्पना करावी. उघडा स्पिंडल खरा आणि चक लावल्यावर डोलतो, तर दोष चकाचा. स्पिंडलच हलत असेल, तर तो ज्या नळीत बसलेला असतो ती नळी आवळून पाहावयाची. दांडा फिरविला की स्पिंडलला घेऊन वरखाली सरकते ती ही नळी. कारखान्यात हिला क्विल किंवा नुसते स्लीव्ह म्हणतात. नळी आवळल्यावर हालचाल थांबली, तर झीज नळी आणि डोके यांच्यामध्ये आहे. आवळूनही थांबली नाही, तर बेअरिंगे गेलेली आहेत. वैद्याने नाडी पाहावी तसे हे आहे, फरक एवढाच की येथे नाडी खोटे सांगत नाही.

बेअरिंग जाणे हे सर्वांत स्वस्त दुखणे. जुन्या बेअरिंगच्या कड्यावर आकडा कोरलेला असतो. समजा ६२०३ आहे. शेवटचे ०३ म्हणजे आतले भोक १७ मिलिमीटर. ०४ पासून पुढे त्या आकड्याला पाचाने गुणावे, म्हणजे ६२०४ चे २०, ६२०५ चे २५. हा आकडा स्वीडनमध्ये, जपानात आणि राणीगंजात एकच अर्थ सांगतो. यंत्र ज्याने बनविले त्याचे नाव पुसून गेले असले तरी बिघडत नाही. मात्र नवे बेअरिंग स्पिंडलवर चढविताना दाब आतल्या कड्यावर द्यावयाचा असतो. घाईने बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली की गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात, आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी जुने होते.

चकाच्या जबड्यांची तोंडे घंटेसारखी उघडली असतील, तर चकच बदलावा. घासून काढण्याचा उद्योग क्वचितच फळतो. स्पिंडलमधील मोर्स शंकू ओरखडलेला असेल, तर त्याच मापाच्या रीमरने हलकेच साफ करता येतो. या शंकूचा निमुळतेपणा सुमारे विसास एक इतका मंद असतो, आणि म्हणूनच चक त्यात नुसत्या दाबाने धरून राहतो. तेथे एक धातूचा कण राहिला तरी खाली ड्रिलचे टोक गोल गोल नाचते. पट्ट्याच्या पुलीत पाहावे. पट्टा बाजूंनी धरावयाचा असतो. खाचेचा तळ चकाकू लागला असेल, तर पट्टा तळावर बसतो आहे आणि पुली झिजली आहे. दांड्याच्या पिनियनचे आणि नळीवरील रॅकचे दात मधल्या भागातच अधिक खाल्लेले आढळतात, कारण सारे काम त्या दोन-तीन इंचांतच होते. नळी वर नेणारी घड्याळासारखी स्प्रिंग बाजूच्या डबीत गुंडाळलेली असते. ती अजाणतेपणी उघडल्यास हाताला चांगलीच इजा करते.

टेबलाकडे मी नेहमी थोडे अधिक वेळ पाहतो. तेथे पूर्वीच्या धन्याचा स्वभाव लिहिलेला असतो. ज्याने कामाखाली लाकडाचा तुकडा ठेवण्याचा कंटाळा केला, त्याचे टेबल चाळणीसारखे भोकाळलेले असते. ती भोके ओतीव लोखंडाच्याच खुंट्यांनी बुजवून वरचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करता येतो. नट-बोल्टही असेच बोलतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचविले. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात २० आटे आणि आट्याचा कोन ५५ अंश. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली. ६ मिलिमीटरच्या बोल्टला आटा एक मिलिमीटरचा, म्हणजे इंचात पंचवीसहून किंचित अधिक, आणि कोन ६० अंश. दोन्ही बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात. १९५६ पूर्वीच्या ड्रिलमध्ये कोणी मेट्रिक बोल्ट बळेच पिळला असेल, तर आतला आटा खाल्लेला सापडतो. एका राष्ट्राने मापे बदलली त्याची ती खूण होय.

आणि शेवटी ती नळी. डोक्यातील भोक झिजून लंबगोल झाले, तर त्यासाठी राणीगंजात कोणताही आकडा चालत नाही. हा भाग प्रत्येक कारखान्याने आपापल्या मापाने केलेला असतो. काही डोक्यांना चीर आणि आवळण्याचा स्क्रू असतो. थोडी झीज तेवढ्याने झाकली जाते. काही कारागीर नळीवर पंचाने टिचके मारून धातू उचलून देतात. अशी डागडुजी विकण्यापुरती टिकते, आणि जुने यंत्र घेणाऱ्याने ती ओळखावयास शिकले पाहिजे. खरी दुरुस्ती म्हणजे डोक्यातील भोक पुन्हा खरे करून किंचित मोठी नवी नळी तयार करावयाची, किंवा भोक वाढवून त्यात बुश ठोकून ते मूळ मापास आणावयाचे. दोन्ही रीतींत कठीण गोष्ट एकच. नवे भोक खांबाशी अचूक समांतर राहिले पाहिजे. डोके लेथवर किंवा बोअरिंग यंत्रावर बांधण्यात अर्धा दिवस जातो, आणि प्रत्यक्ष कापण्यात अर्धा तास. गिऱ्हाइकाला फक्त अर्धा तास दिसतो.

मला येथे हैदराबादचा इतिहास सर्वांत अधिक जाणवतो. नव्या पिढीला प्रागाचे नाव आठवत नसेल, पण न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असते. नोकरीवरून काढलेल्या कामगारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कंपनीचे ५६ टक्के भाग केंद्र सरकारचे, ३२ टक्के आंध्र प्रदेश सरकारचे आणि १२ टक्के खाजगी व्यक्तींचे होते. तरीही कायद्याच्या दृष्टीने ती एक कंपनीच असल्यामुळे तिच्याविरुद्ध असा आदेश काढता येत नाही, असा निर्णय १९६९ मध्ये झाला. पुढे १९८८ मध्ये प्रागा एचएमटीची उपकंपनी झाली. मौला अलीचा बेअरिंगांचा कारखाना १९८१ मध्ये एचएमटीकडे आला होता. तो बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. तरी ज्या यंत्रात मौला अलीचे बेअरिंग होते ते यंत्र थांबले नाही. आकडा तोच, माप तेच. दुसऱ्या देशाचे बेअरिंग त्याच जागी बसते.

नळीचे तसे नाही. तिच्यासाठी डोके बांधता येणारा, लंबगोल भोक बोटाने ओळखणारा माणूस लागतो. मोठ्या कारखान्यांनी अशी माणसे घडविली होती. तेथून बाहेर पडलेल्यांनी कवाडीगुडा, बालानगर, आझमाबाद या भागांत दोन-दोन लेथांची दुकाने घातली आणि शहरातील जुनी यंत्रे दीर्घकाळ जिवंत ठेवली. आता त्यांतील अनेकांचे वय झाले. आमचे मिस्त्री एखादे भोक तपासताना पुष्कळदा माप न पाहताच सांगत, आणि नंतर गेज लावला की शतांशाचा फरक पडे. त्यांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात आहे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. तेथे महिनाअखेर ठरलेले पैसे मिळतात. औद्योगिक शिक्षण संस्थेत फिटरचा अभ्यासक्रम आजही शिकविला जातो, पण मुलांच्या हाती येतात ती बहुधा धड यंत्रे. झिजलेले यंत्र जाणूनबुजून समोर ठेवून ते कोठे आणि का झिजले हे शोधावयास लावणारा तास मी अद्याप कोठे पाहिला नाही. एखाद्या संस्थेने भंगारातून दहा जुनी ड्रिल विकत घेऊन असा वर्ग काढावा. खर्च फार नाही, आणि शिकविणारे अजून या शहरात हयात आहेत.

दुरुस्ती पुरी झाली की मिस्त्री लगेच पोलादाला हात घालीत नाहीत. रिकामे यंत्र अर्धा तास फिरवितात व बेअरिंगच्या जागी तळहात ठेवतात. हात सुखाने टिकला तर ठीक. चटका बसला तर कोठेतरी आवळ अधिक आहे, म्हणून पुन्हा उघडतात. मग जाड पट्टीवर एक लहान भोक पाडतात. दोन्ही धारांकडून सारख्या जाडीचे पिळलेले छिलके निघाले, की ते यंत्र पुसून त्याच्या मालकाच्या हवाली करतात.